शिबंदी, कुमक आणि समुद्रमार्ग : गोव्यातील पोर्तुगीज लष्करी नियोजनाचा ऐतिहासिक अभ्यास (१७३७–१९६१)

प्रस्तावना

मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला वेढा घातला, त्या वेळी किल्ल्याचे तट मजबूत होते, खंदकात पाणी होते आणि आत शिबंदीही होती. तरीही काही दिवसांतच किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. किल्ल्याबाहेर असलेली पेशव्यांची फौज पांगली होती आणि आतल्या लोकांना मदतीची आशा उरली नव्हती, हे त्याचे प्रमुख कारण होते. शिबंदीचे बळ केवळ तिच्या संख्येवर ठरत नाही. तिच्यापर्यंत कुमक पोहोचण्याची वाट खुली आहे की नाही, यावरही ते अवलंबून असते. भुईकोटाच्या बाबतीत खरे ठरलेले हे सूत्र सातासमुद्रापलीकडून चालविल्या जाणाऱ्या राज्याला अधिकच लागू पडते.

अशा राज्याचे महाराष्ट्राला सर्वांत निकटचे उदाहरण म्हणजे गोवा, दमण आणि दीव येथील पोर्तुगीज सत्ता. १५१० मध्ये गोवा, १५३५ मध्ये दीव आणि १५५९ मध्ये दमण पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. १९६१ पर्यंत ही सत्ता टिकली. या प्रदीर्घ काळाचा इतिहास बहुधा धर्मकारण, व्यापार किंवा मुक्तिलढा या अंगांनी मांडला जातो. लिस्बनमधील राज्यकर्त्यांनी येथील ठाण्यांच्या संरक्षणाची आखणी कशी केली आणि ती कोठे कोसळली, या प्रश्नाकडे मराठीत तुलनेने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत निबंधात १७३७–३९, १८९५ आणि १९५४–६१ या तीन प्रसंगांच्या आधारे त्याचा विचार केला आहे. पोर्तुगीज शिबंदी लहान होती म्हणून गोवा गेला, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. कुमकेचा मार्ग बंद झाल्याचे लिस्बनला ठाऊक होते; तरीही शिबंदी तेथेच ठेवण्यात आली आणि तिच्याकडून लष्करी नव्हे, तर राजकीय कामाची अपेक्षा करण्यात आली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

समुद्रमार्ग आणि ऋतुचक्र

शिडाच्या जहाजांच्या काळात लिस्बनहून निघणारा ताफा साधारणतः मार्च–एप्रिलमध्ये नांगर उचलीत असे आणि आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबर–ऑक्टोबरच्या सुमारास गोव्याला पोहोचत असे. वाऱ्याची वेळ चुकली, तर जहाजांना मोझांबिकमध्ये हिवाळा काढावा लागे. प्रवासात रोगराईने अनेक सैनिक दगावत आणि पोहोचलेल्यांपैकीही बरेच जण इस्पितळात दाखल होत. इकडे पावसाळ्यात कोकणकिनाऱ्यावरील बंदरे वाहतुकीला जवळजवळ बंद असत.

या ऋतुचक्राचा लष्करी अर्थ स्पष्ट होता. गोव्याहून मदतीची मागणी करणारे पत्र लिस्बनला पोहोचून तेथून फौज येईपर्यंत एक ते दीड वर्ष सहज जात असे. त्यामुळे आणीबाणीच्या प्रसंगी युरोपातील कुमकेवर विसंबून राहणे शक्य नव्हते. व्यवहारात गोव्याने वसईला, वसईने दमणला आणि दीवने गोव्याला मदत करावी, अशी परस्परावलंबी रचना निर्माण झाली होती. ठाणी दूरदूर असली, तरी समुद्र त्यांना जोडीत होता. आरमार बलवान असेपर्यंत ही रचना चालली. मात्र दोन ठाण्यांवर एकाच वेळी दाब आला, तर काय करायचे, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

वसईची मोहीम : कुमक अडविण्याचे नियोजन

हा दोष मराठ्यांनी अचूक हेरला. वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर फिरंगाणाची राजधानी होती. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली ठाणे आणि साष्टी मराठ्यांच्या ताब्यात आले. पण वसईचा कोट हाती येत नव्हता. तिन्ही बाजूंनी पाणी आणि खाडी असल्यामुळे समुद्राकडून येणारी मदत हा वसईच्या टिकावाचा मुख्य आधार होता.

१७३९ च्या प्रारंभी मोहिमेची जी आखणी झाली, ती या दृष्टीने लक्षणीय आहे. एकीकडे केळवे-माहीम व तारापूर ही उत्तरेकडील ठाणी घेऊन वसई एकाकी पाडण्यात आली. दुसरीकडे व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजेने थेट गोव्यावर स्वारी केली. तिने गोव्यातील साष्टी प्रांतात शिरून मडगाव घेतले आणि राशोलच्या किल्ल्याला वेढा दिला. ठाण्याजवळची साष्टी आणि गोव्यातील साष्टी हे दोन वेगळे प्रदेश असून त्या वर्षी दोन्हीकडे मराठी फौजा होत्या. गोवा पूर्णपणे जिंकणे हा या दुसऱ्या स्वारीचा तातडीचा हेतू नव्हता. गोव्यातील शिबंदी गोव्यातच अडकून पडावी आणि वसईला माणूस जाऊ नये, हे तिचे फलित होते व ते पुरेसे होते. व्हाइसरॉय कौंट ऑफ सांदोमिल यांच्यासमोर राजधानी राखावी की उत्तर प्रांत राखावा, असा पेच उभा राहिला. गोव्याला अखेर खंडणीचा करार करून सुटका करून घ्यावी लागली आणि मे १७३९ मध्ये सुरुंगांनी तट फोडून मराठ्यांनी वसई घेतली.

वसईच्या शिबंदीने निकराने प्रतिकार केला होता. तिच्या पराभवाचे कारण शौर्याच्या अभावात शोधता येत नाही. तहानुसार तिला सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले, यावरूनही हे दिसते. लिस्बनने या संकटाची दखल घेतली नाही असेही नाही. तेथून मोठी कुमक रवाना झाली. परंतु ती घेऊन नवे व्हाइसरॉय मार्क्विस ऑफ लोरिसाल गोव्यात दाखल झाले, तेव्हा १७४१ साल उजाडले होते. वसई जाऊन दोन वर्षे झाली होती आणि १७४० च्या तहाने चौलही सुटले होते. लिस्बनमध्ये आखलेली कुमक कागदावर पुरेशी असली, तरी प्रत्यक्षात ती निरुपयोगी ठरली.

१८९५ : शिबंदीचा उलटा प्रवास

वसईनंतर पोर्तुगीजांचे लक्ष गोव्याच्या भोवतालच्या प्रदेशाकडे वळले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडे, डिचोली, सत्तरी, पेडणे इत्यादी महाल त्यांच्या राज्याला जोडले गेले. त्यांना 'नव्या काबिजादी' म्हणतात. या प्रदेशाच्या बंदोबस्तासाठी आणि एकूणच शिबंदीसाठी स्थानिक शिपायांची भरती अपरिहार्य होती. युरोपीय सैनिक महाग होता, आजारी पडत होता आणि वेळेवर मिळत नव्हता. स्थानिक शिपाई या तिन्ही अडचणींवरचा उपाय वाटला. परंतु त्याचे घर, शेती आणि नाती इथलीच होती, ही बाब नियोजनात धरली गेली नाही.

१८९५ मध्ये मोझांबिकमध्ये गुंगुन्यानाविरुद्ध पोर्तुगीजांची मोहीम सुरू होती. तेथे पाठविण्यासाठी गोव्यातील मराठा शिपायांच्या तुकडीची निवड झाली. लिस्बनच्या दृष्टीने पाहता हा सरळ हिशेब होता : एका वसाहतीत माणसे आहेत, दुसरीत हवी आहेत, तेव्हा ती हलवावीत. शिपायांच्या दृष्टीने तो परक्या भूमीवरचा अनिश्चित काळाचा वनवास होता. समुद्रपर्यटनाविषयीचा धार्मिक संकोच आणि मागे राहणाऱ्या कुटुंबांची चिंता यांमुळे असंतोष वाढला आणि सप्टेंबर १८९५ मध्ये शिपायांनी बंड करून सत्तरीची वाट धरली. तेथे दादा राणे यांच्या नेतृत्वाखाली राणे मंडळी त्यांना येऊन मिळाली. राण्यांच्या बंडांची परंपरा आधीपासूनची होती. आता तिला शस्त्रे आणि कवायती शिक्षण घेतलेली माणसे मिळाली.

परिणामी नियोजन उलटे फिरले. मोझांबिकला मदत पाठविणाऱ्या गोव्यालाच मदतीची गरज भासली आणि राजे कार्लुश यांचे बंधू इन्फांत दों अफोंसो यांच्या नेतृत्वाखाली लिस्बनहून फौज आणावी लागली. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झालेला असल्यामुळे ती त्याच वर्षाअखेर गोव्यात पोहोचू शकली. १७३९ च्या तुलनेत मार्ग आखूड झाला होता आणि त्याने सत्ता वाचविली. मात्र शिबंदी म्हणजे पटावरील सोंगट्या नव्हेत, हा या प्रसंगाचा धडा लिस्बनने घेतला असे पुढील इतिहासावरून म्हणता येत नाही.

१९४७ नंतरचा बदललेला भूगोल

१९४७ पर्यंत गोव्याच्या जमिनीकडील सीमेपलीकडे ब्रिटिश सत्ता होती आणि ब्रिटन हा पोर्तुगालचा जुना मित्र होता. त्यामुळे गोव्यातील शिबंदीचे काम प्रामुख्याने अंतर्गत बंदोबस्तापुरते राहिले होते. स्वातंत्र्यानंतर ही परिस्थिती एका दिवसात पालटली. नकाशावर काहीही न हलता गोवा, दमण आणि दीव यांच्या जमिनीकडील बाजू स्वतंत्र भारताने वेढल्या गेल्या.

पोर्तुगालचा प्रतिसाद दुहेरी होता. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव देण्यात आले. वसाहतच नाही, तर वसाहत सोडण्याचा प्रश्न कोठून येणार, असा हा युक्तिवाद होता. दुसरीकडे पोर्तुगाल व आफ्रिका येथून सैन्य आणून शिबंदी वाढविण्यात आली. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास ती सुमारे बारा हजारांपर्यंत गेली. गोव्यातील लोक ज्यांना 'पाखले' म्हणत, त्या गोऱ्या सैनिकांचा वावर गावोगावी दिसू लागला. पोर्तुगाल १९४९ पासून नाटो कराराचा संस्थापक सदस्य होता. परंतु त्या कराराचे भौगोलिक क्षेत्र उत्तर अटलांटिकपुरते असल्यामुळे गोव्याला त्याचे संरक्षण मिळत नव्हते.

या रचनेचा सर्वांत दुबळा दुवा १९५४ मध्ये तुटला. दादरा आणि नगर हवेली हे दमणच्या अखत्यारीतील प्रदेश होते. पण दमण आणि त्यांच्यामध्ये भारतीय भूमी होती. जुलै–ऑगस्ट १९५४ मध्ये आझाद गोमंतक दल आणि अन्य संघटनांच्या स्वयंसेवकांनी हे प्रदेश मुक्त केले. त्यांत महाराष्ट्रातून गेलेल्यांचा मोठा वाटा होता. संगीतकार सुधीर फडके यांचा त्यातील सहभाग मराठी वाचकाला परिचित आहे. दमणमधील सैन्य काही मैलांवर होते, तरीही ते हलू शकले नाही, कारण भारताने त्याला वाट दिली नाही. कॅप्टन फिदाल्गो यांना अखेर शरण जावे लागले. कुमकेचा मार्ग बंद असला, तर काही मैलांचे अंतरही लिस्बनइतके दूर होते, हे यावरून सिद्ध झाले.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी केलेल्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मे झाले. सैन्यबळाचा उपयोग येथे झाला, पण तो नागरिकांवर. त्याच वर्षी भारताने संबंध तोडून आर्थिक नाकेबंदी कडक केली आणि रेल्वेमार्ग बंद झाला. त्यानंतर गोव्यातील शिबंदीला लागणारी रसद समुद्र व हवाई मार्गानेच आणावी लागली. दाबोळी येथील विमानतळाचे महत्त्व याच काळात वाढले.

हेगचा निवाडा

वाटेचा प्रश्न पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने केलेला भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दमणहून अंतर्गत प्रदेशात खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता, असे न्यायालयाने मानले. सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्या बाबतीत मात्र असा हक्क मान्य केला नाही. तसेच भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही असा निर्वाळा दिला. पोर्तुगालने या निकालाचा पूर्वार्ध आपला विजय म्हणून मिरविला. लष्करी नियोजनाच्या दृष्टीने खरे महत्त्व उत्तरार्धाला होते. जमिनीवरून कुमक नेण्याचा मार्ग प्रत्यक्षात आधीच बंद झाला होता. आता कायद्यानेही त्याला आधार उरला नाही.

शिबंदीची कपात आणि सेंटिनेला योजना

पोर्तुगीज लष्करातील जाणकारांना परिस्थितीची कल्पना होती. संरक्षणमंत्री बोतेल्यु मोनीझ आणि लष्कराचे उपसचिव कॉश्ता गोमिश यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचे मत असे होते की, वसाहती बळाने टिकविण्याचा प्रयत्न लष्कराला अपयशाकडे नेईल. भारतीय सेनेने हल्ला केला, तर बारा हजार काय आणि चार हजार काय, निकाल एकच लागणार होता. या हिशेबातून गोव्यातील शिबंदी कमी करण्यात आली. फेब्रुवारी–मार्च १९६१ मध्ये अंगोलात उठाव झाल्यावर पोर्तुगालचे उपलब्ध सैन्य तिकडे वळले. अंगोलाला कुमक नेणे शक्य होते, कारण अटलांटिकचा मार्ग खुला होता. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज भारतातील सैन्यसंख्या चार हजारांच्या आसपास उरली. लढाऊ विमाने नव्हती. आरमारात 'अफोंसो द अल्बुकर्क' हे एक जुने जहाज आणि तीन लहान गस्ती नौका होत्या.

उरलेल्या सैन्यासाठी जी योजना होती, तिला 'सेंटिनेला' म्हणजे पहारेकरी असे नाव होते. तिच्यानुसार गोव्याचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि मुरगाव असे चार विभाग केले होते. सीमेवरील तुकड्यांनी शत्रूला शक्य तेवढे रोखावे, पूल उडवीत मागे हटावे आणि शेवटी मुरगावच्या परिसरात एकवटून प्रतिकार करावा, अशी तिची रूपरेषा होती. भूमी देऊन वेळ मिळवायचा, हे तिचे तत्त्व होय. हे तत्त्व लष्करी शास्त्राला अपरिचित नाही. परंतु मिळविलेल्या वेळात कोणी तरी मदतीला येणार, हे त्यात गृहीत असते. येथे येणारे कोणी नव्हते. शिवाय मागे हटणाऱ्या तुकड्यांचा परस्पर संपर्क राहण्यास लागणारी सुटसुटीत संदेशयंत्रणा आणि पुरेसे सुरुंग यांचाही अभाव होता. त्या वेळी गोव्यात असलेले पोर्तुगीज अधिकारी कार्लुश अझेरेदो यांनी पुढे या योजनेला अवास्तव ठरविले.

१९६१ च्या एप्रिलमध्ये बोतेल्यु मोनीझ यांचा सत्तापालटाचा प्रयत्न फसला आणि पंतप्रधान सालाझार यांनी संरक्षण खाते स्वतःकडे घेतले. लष्करी सल्ला आणि राजकीय निर्णय यांच्यातील उरलासुरला संवाद त्यानंतर संपला.

डिसेंबर १९६१

१४ डिसेंबर रोजी सालाझार यांनी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना संदेश पाठविला. शरणागतीचा विचारही करू नये. सैनिक व खलाशी विजयी तरी होतील किंवा मृत तरी, असा त्याचा आशय होता. निदान आठ दिवस टिकाव धरावा, त्या अवधीत आंतरराष्ट्रीय पाठिंबा मिळविता येईल, अशी अपेक्षा होती. शिबंदीचे खरे कार्य येथे उघड होते. तिने गोवा राखायचा नव्हता. जगाचे लक्ष वेधेल इतका रक्तपात होईपर्यंत उभे राहायचे होते.

याच दिवसांत दारूगोळा विमानाने पाठविण्याचा प्रयत्न झाला; परंतु पाकिस्तानसह वाटेतील देशांनी शस्त्रवाहतुकीला परवानगी दिली नाही. मुरगावला आलेल्या 'इंडिया' या प्रवासी जहाजाची क्षमता चारशेहून कमी होती. लिस्बनची मनाई असूनही वासालो इ सिल्वा यांनी सुमारे सातशे नागरिकांना त्यावर चढू दिले. मार्ग उरला होता तो फक्त बाहेर जाण्याचा.

भारताच्या बाजूने पुण्याच्या दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे मोहिमेची सूत्रे होती. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची सतरावी पायदळ डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांची पन्नासावी पॅरा ब्रिगेड गोव्यात उतरली. बेळगाव हे जमवाजमवीचे केंद्र होते. जी रेल्वे आणि जे रस्ते पोर्तुगीजांना बंद होते, तेच भारतीय सेनेला खुले होते. १८ डिसेंबर रोजी गोवा, दमण आणि दीव यांवर एकाच दिवशी कारवाई सुरू झाली. दमण घेणाऱ्या दलात पहिली मराठा लाइट इन्फंट्री होती. तिन्ही ठाण्यांना एकमेकांकडे पाहण्याची सवड मिळाली नाही. १७३९ मध्ये वसई व गोवा यांच्याविषयी जे घडले, त्याचीच ही आधुनिक आवृत्ती म्हणता येईल. दाबोळीच्या धावपट्टीवर बाँबफेक झाली, बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पडले आणि 'अफोंसो द अल्बुकर्क' भारतीय युद्धनौकांशी झुंजून किनाऱ्याला लागले. त्या रात्री दाबोळीहून दोन विमाने कराचीकडे निसटली आणि दमणची 'अंतारेस' नौकाही कराचीला पोहोचली. आत मात्र काहीही आले नाही.

सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य राष्ट्रांच्या ठरावाला सात विरुद्ध चार मते पडली आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो बाद झाला. आठ दिवसांची गरजच उरली नाही. १९ डिसेंबरच्या रात्री वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. दोन्ही बाजू मिळून मृतांची संख्या पन्नाशीच्या आसपास राहिली. साडेचार हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी झाले आणि मे १९६२ पर्यंत ते छावण्यांत होते.

आज्ञा आणि जबाबदारी

मायदेशी परतलेल्या या सैनिकांचे स्वागत झाले नाही. १९६३ मध्ये वासालो इ सिल्वा यांना लष्करातून बडतर्फ करण्यात आले आणि अन्य काही अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. ज्यांनी अशक्य योजना आखली ते सत्तेवर राहिले आणि ज्यांच्यावर ती लादली गेली ते अपराधी ठरले. १९७४ च्या क्रांतीनंतर वासालो इ सिल्वा यांची पुनःस्थापना झाली आणि त्याच वर्षाअखेर पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

त्यांच्या आज्ञाभंगाचे मूल्यमापन करताना एक बाब लक्षात घेतली पाहिजे. आठ दिवस लढाई चालली असती, तर पणजी, मडगाव, मुरगाव येथील वस्त्यांतून ती लढली गेली असती. मुरगावचा अखेरचा मोर्चा कागदावर एक विभाग होता. प्रत्यक्षात ते नांदते बंदर होते. पोर्तुगीज सैनिकांबरोबर गोमंतकीय जनतेनेही त्या आठ दिवसांची किंमत मोजली असती. १९५४–५५ च्या दडपशाहीची आठवण ठेवूनही या निर्णयाची नोंद घेणे इतिहासलेखनाचे कर्तव्य ठरते.

निष्कर्ष

१. सागरपार प्रदेशातील शिबंदीचे सामर्थ्य तिच्या संख्येपेक्षा कुमकेच्या मार्गावर अवलंबून असते. १७३९ मध्ये तो मार्ग मराठ्यांनी अडविला, १८९५ मध्ये सुएझमुळे तो उपलब्ध झाला आणि १९६१ मध्ये तो सर्व बाजूंनी बंद होता. तिन्ही प्रसंगांचे निकाल त्याप्रमाणेच लागले.

२. हा मार्ग केवळ भौगोलिक नसतो. १९५४ मध्ये दमणच्या सैन्याला काही मैल ओलांडता आले नाहीत. १९६० मध्ये न्यायालयाने आणि १९६१ मध्ये वाटेतील देशांनी त्याला मान्यता नाकारली. जनमत, कायदा आणि मैत्री यांनीच समुद्रमार्ग खुले राहतात.

३. शिबंदीतील माणसांचा विचार न करता आखलेले नियोजन उलटते, हे मराठा शिपायांच्या बंडाने दाखविले.

४. कुमक येणार नाही हे ठाऊक असूनही शिबंदी मागे ठेवणे, हा लष्करी निर्णय राहत नाही. तो माणसांच्या जिवावर केलेला राजकीय सौदा होतो. मे १८१८ मध्ये सोलापूरच्या किल्लेदाराला बाहेरची फौज मोडल्यावर जे कळले, ते १९६१ मध्ये लिस्बनला युद्धापूर्वीच ठाऊक होते. या दोहोंतील फरक हाच त्या सत्तेच्या नैतिक दिवाळखोरीचा पुरावा होय.